यादवीतील शांतिसेना आणि साक्षीचे वाङ्मय : ‘द ब्रोकन पाल्मायरा’च्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : साक्षीवाङ्मय, आत्मवृत्त, श्रीलंकेतील यादवी, भारतीय शांतिसेना, जाफना, निवेदक, स्त्रीअनुभव.

प्रास्ताविक

युद्धविषयक वाङ्मयाचा विचार करताना मराठी समीक्षेचे लक्ष साधारणतः ऐतिहासिक कादंबरी, बखर आणि दुसऱ्या महायुद्धाचे पडसाद यांच्याकडे जाते. स्वतंत्र भारताने शेजारच्या देशातील यादवीत सैन्य पाठविले, ते सैन्य जवळजवळ बत्तीस महिने तेथे राहिले आणि अकराशेहून अधिक जवान गमावून परतले, या घटनेची वाङ्मयीन अंगाने चर्चा त्या मानाने फारच अल्प झालेली दिसते. १९८७ ते १९९० या काळातील श्रीलंकेतील भारतीय शांतिसेनेसंबंधी लेखन पुष्कळ झाले आहे. मात्र ते राज्यशास्त्र, संरक्षणशास्त्र आणि परराष्ट्रसंबंध या विषयांच्या कपाटात ठेवले गेल्यामुळे त्यातील निवेदनाचे, भाषेचे व दृष्टिकोनाचे प्रश्न बाजूला पडले. कोण बोलतो, कोणाला उद्देशून बोलतो आणि काय वगळतो, हे वाङ्मयाचे प्रश्न आहेत. शांतिसेनेविषयीच्या ग्रंथांना ते विचारल्यास बऱ्याच गोष्टी नव्याने दिसू लागतात.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने तीन प्रकारच्या लेखनाचा विचार केला आहे. पहिला प्रकार भारतीय मुत्सद्दी व सेनानी यांच्या आत्मवृत्तांचा; दुसरा, जाफना विद्यापीठातील चार प्राध्यापकांनी मिळून लिहिलेल्या ‘द ब्रोकन पाल्मायरा’ या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा; आणि तिसरा, त्याच काळावर तीन दशकांनंतर आलेल्या व्ही. व्ही. गणेशानंदन यांच्या ‘ब्रदरलेस नाइट’ या कादंबरीचा. यांपैकी दुसऱ्या ग्रंथावर येथे अधिक भर आहे, कारण उरलेल्या दोहोंचे बळ आणि उणिवा त्याच्याशी ताडून पाहिल्यावरच स्पष्ट होतात.

घटनाक्रम थोडक्यात असा. जुलै १९८३ मध्ये तेरा सैनिकांच्या हत्येनंतर कोलंबो व अन्यत्र तमिळांची कत्तल झाली आणि श्रीलंकेतील वांशिक तेढीने यादवीचे रूप घेतले. त्याच सुमारास भारताच्या गुप्तचर यंत्रणेने तमिळ सशस्त्र गटांना प्रशिक्षण व शस्त्रे देण्यास आरंभ केला. १९८७ च्या उन्हाळ्यात श्रीलंकेच्या सैन्याने वडमराच्ची भागात मोठी मोहीम काढली. ३ जून रोजी भारताची मदत घेऊन निघालेल्या बोटी श्रीलंकेच्या नौदलाने परत पाठविल्या आणि दुसऱ्याच दिवशी भारतीय हवाई दलाने जाफन्यावर आकाशातून अन्नधान्य टाकले. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबो येथे राजीव गांधी व जे. आर. जयवर्धने यांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या आणि लगोलग शांतिसेना पलाली विमानतळावर उतरली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात याच सेनेचे ‘ऑपरेशन पवन’ सुरू झाले व तिचे लिट्टेशी उघड युद्ध जुंपले. चार वर्षांच्या अवधीत एकाच राष्ट्राने बंडखोरांचा शिक्षक, उपाशी जनतेचा अन्नदाता, तहाचा जामीनदार आणि अखेर त्याच बंडखोरांचा शत्रू अशा चार भूमिका वठविल्या. कोणत्याही नाटककाराने असे पात्र रंगविले असते, तर त्याच्या पात्ररचनेत सुसंगती नाही असा आक्षेप घेतला गेला असता.

सेनानींची आणि मुत्सद्द्यांची आत्मवृत्ते

शांतिसेनेच्या माघारीनंतर सुमारे सतरा वर्षांत तिच्याशी प्रत्यक्ष संबंध आलेल्या अनेक उच्चपदस्थांनी ग्रंथ लिहिले. संपूर्ण मोहिमेचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग, जाफन्यातील ५४ व्या डिव्हिजनची धुरा नंतर सांभाळणारे एस. सी. सरदेशपांडे, कोलंबोतील भारताचे उच्चायुक्त जे. एन. दीक्षित आणि ५४ व्या डिव्हिजनचे पहिले प्रमुख मेजर जनरल हरकिरत सिंग ही त्यांतील ठळक नावे. दीक्षितांचा ‘असाइनमेंट कोलंबो’ हा ग्रंथ १९९८ मध्ये आला, तर हरकिरत सिंग यांचा २००७ मध्ये.

हे ग्रंथ शेजारीशेजारी ठेवून वाचले असता प्रथम जाणवते ते असे, की त्यांचे लेखक परस्परांशी बोलत आहेत. वाचक हा या संभाषणातील तिऱ्हाईत आहे. दीक्षित गुप्तवार्ता देणाऱ्यांच्या अंदाजांना आणि लष्करप्रमुख सुंदरजी यांच्या आत्मविश्वासाला दोष देतात. लिट्टेला काही आठवड्यांत निष्प्रभ करता येईल असे राजकीय नेतृत्वाला सांगण्यात आले होते, हा त्यांच्या निवेदनातील कळीचा मुद्दा होय. सेनानी याच्या उलट, लष्कराला स्पष्ट राजकीय उद्दिष्ट कधीच देण्यात आले नाही, नकाशे, गुप्तवार्ता व तमिळ जाणणारी माणसे यांचा तुटवडा होता आणि उच्चायुक्तालयाने सेनेच्या कामात ढवळाढवळ केली, असे सांगतात. हरकिरत सिंग यांचे सर्वांत गाजलेले विधान याच वादातले आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये बोलणीसाठी येणाऱ्या प्रभाकरन यांना पकडावे किंवा गोळी घालावी असे दीक्षितांनी आपल्याला सांगितले आणि पांढऱ्या निशाणाखाली आलेल्या माणसावर सैनिक गोळी झाडत नाही या भूमिकेतून आपण ते नाकारले, असे त्यांनी लिहिले. हा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा दीक्षित हयात नव्हते; जानेवारी २००५ मध्येच त्यांचे निधन झाले होते. त्यामुळे विधानाच्या सत्यासत्यतेचा निर्णय करणे वाङ्मयसमीक्षेच्या आवाक्यात नाही. परंतु त्या प्रसंगाचे ग्रंथातील स्थान मात्र तपासता येते. हा प्रसंग निवेदकाच्या शीलाचा पुरावा म्हणून येतो. युद्धाच्या आरंभीच निवेदकाने आपले हात स्वच्छ असल्याचे दाखविले, की पुढील पानांवर जे घडते त्याची जबाबदारी आपोआप दुसरीकडे सरकते.

आत्मवृत्त हा प्रकार स्वसमर्थनाकडे झुकतोच, हे खरे. मराठीतही प्रशासकांची व राजकारण्यांची आत्मचरित्रे याला अपवाद नाहीत. येथे आक्षेप स्वसमर्थनावर नाही. अपयश कोणाचे, हाच या ग्रंथांचा मध्यवर्ती प्रश्न राहिल्यामुळे युद्ध ज्या गावांतून झाले तेथील माणसे निवेदनाच्या कडेला ढकलली गेली, हा आक्षेप आहे. जाफना या ग्रंथांत बहुतांशी भूप्रदेश म्हणून येतो : अरुंद गल्ल्या, सुरुंग पेरलेले रस्ते, ताडाची बने, किल्ला. तेथे राहणाऱ्या माणसाला आवाज मिळतो तो बहुधा तो शत्रूला माहिती पुरविणारा असेल तेव्हाच.

विद्यापीठाच्या आवारातील कारवाईचे उदाहरण घेता येईल. ११ व १२ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री लिट्टेच्या नेतृत्वाला पकडण्यासाठी जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून कमांडो आणि १३ व्या शीख लाईट इन्फन्ट्रीची एक तुकडी उतरविण्यात आली. बेत लिट्टेला आधीच कळला होता. शीख तुकडीतील तीस जवानांपैकी एकोणतीस मारले गेले व एक पकडला गेला. लष्करी वाङ्मयात हा प्रसंग पुनःपुन्हा येतो आणि यावाच. तीस जवानांना नियोजनातील हलगर्जीपणामुळे मृत्यूच्या तोंडी दिले गेले, हे सांगणे आवश्यकच होते. तथापि, ज्या मैदानावर ते उतरले त्याच्या भोवती वस्ती होती, वस्तीत कुटुंबे होती, आणि त्या रात्री व नंतरच्या दिवसांत त्या कुटुंबांचे काय झाले हा प्रश्न या निवेदनाच्या चौकटीत उद्भवतच नाही.

शौर्यपदकाचे प्रशस्तिपत्र हा याच परंपरेतील सर्वांत आटोपशीर वाङ्मयप्रकार म्हणावा लागेल. महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे शांतिसेनेतील परमवीरचक्राचे एकमेव मानकरी. ते मुंबईत जन्मले आणि वाढले, त्यामुळे महाराष्ट्राच्या वाचकाला या युद्धाची ओळख असलीच तर ती बहुधा त्यांच्या नावामुळे असते. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेहून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असतानाही त्यांनी हल्लेखोराची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरच्या श्वासापर्यंत तुकडीला आदेश दिले. प्रशस्तिपत्राच्या भाषेत कर्ता एकच असतो आणि क्रियापदे निःसंदिग्ध असतात. अशा मजकुरात शंकेला जागा नसते, आणि नसावी. त्याचे प्रयोजन वेगळे आहे. अडचण एवढीच, की समाजाच्या स्मरणात पुष्कळदा प्रशस्तिपत्रच उरते आणि संपूर्ण युद्धाचे आकलन त्याच व्याकरणात होऊ लागते.

‘द ब्रोकन पाल्मायरा’ : आतून दिलेली साक्ष

राजन हूल, दया सोमसुंदरम, के. श्रीधरन आणि रजनी थिराणगामा हे ‘द ब्रोकन पाल्मायरा’चे चार लेखक. चौघेही जाफना विद्यापीठाशी संबंधित होते. हूल व श्रीधरन गणिताचे, सोमसुंदरम मनोविकारशास्त्राचे आणि थिराणगामा शरीररचनाशास्त्राच्या. यांपैकी एकही साहित्याचा किंवा इतिहासाचा व्यावसायिक अभ्यासक नाही, ही गोष्ट ग्रंथाच्या घडणीवर परिणाम करणारी आहे. पाल्मायरा म्हणजे ताड. जाफना द्वीपकल्पाच्या कोरड्या मातीत ताठ उभे राहणारे, कुंपणापासून अन्नापर्यंत सर्व गरजा भागविणारे हे झाड उत्तरेकडील तमिळांचे बोधचिन्हच होय. तोफगोळ्यांनी शेंडा उडालेले ताड त्या वर्षांत सर्वत्र दिसत. शीर्षकातील प्रतिमा अशी प्रत्यक्ष पाहण्यातून आलेली आहे.

ग्रंथाची रचना विसकळीत आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. राजकीय इतिहास, युद्धातील घटनांचे प्रसंगवार अहवाल, मानसशास्त्रीय विवेचन आणि चिंतनपर निबंध असे भिन्न जातीचे मजकूर एकत्र बांधलेले आहेत. पुनरुक्ती होते. कोठे सूर कोरड्या नोंदीचा आहे, तर कोठे संतापाचा. संपादकाने सलग हात फिरविला असता तर ग्रंथ अधिक वाचनीय झाला असता. पण तो लिहिला जात असताना शांतिसेना गावात होती, लिट्टेचे पाळतदार होते, भारताच्या पाठिंब्यावर उभे असलेले प्रतिस्पर्धी तमिळ गटही बंदुका घेऊन हिंडत होते. घटना पूर्ण होण्याआधीच तिची नोंद करावी लागत होती. अशा लेखनात मागाहून येणारी सुसूत्रता शोधणे अन्यायाचे ठरेल.

या ग्रंथाचे खरे वेगळेपण त्याच्या आरोपपत्राच्या व्याप्तीत आहे. सिंहली राज्यसत्तेवर, भारतावर आणि लिट्टेवर टीका करणारे लेखन स्वतंत्रपणे पुष्कळ सापडते. तिन्हींवर एकाच निकषाने टीका करणारे विरळा. शिवाय येथे चौथा आरोपी आहे, तो म्हणजे खुद्द जाफन्याचा तमिळ समाज. शेजारच्या गटातील तरुणांना लिट्टेने रस्त्यावर जाळले तेव्हा गप्प बसलेला, आपल्या मुलांना परदेशी पाठवून दुसऱ्यांच्या मुलांच्या बलिदानाचे कौतुक करणारा, आज एका तारणहाराला तर उद्या दुसऱ्याला हार घालणारा मध्यमवर्ग. ऑगस्ट १९८७ मध्ये याच समाजाने भारतीय जवानांचे फुलांनी स्वागत केले होते आणि दोन-तीन महिन्यांतच शांतिसेनेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ ‘निरपराधांना मारणारे दल’ असा लावला जाऊ लागला. लेखक या बदलाचे वर्णन करतात, पण त्यात समाजाला केवळ फसविला गेलेला निष्पाप म्हणून रंगवीत नाहीत. स्वतः त्याच वर्गातून आलेले असल्यामुळे त्यांच्या टीकेला आत्मपरीक्षणाची धार आली आहे.

एक मर्यादा येथेच नोंदवावी लागते. ग्रंथ इंग्रजीत आहे. ज्यांच्याविषयी तो बोलतो त्यांतील कित्येकांना तो वाचता येणे शक्य नव्हते आणि ज्यांना येत होता त्यांना तो घरात ठेवणे धोक्याचे होते. साक्ष कोणापुढे द्यायची, हा साक्षीवाङ्मयाचा मूलभूत प्रश्न आहे. या चौघांनी ती बाहेरच्या जगापुढे दिली. मराठी दलित आत्मकथनांनी आपली साक्ष आपल्याच भाषिक समाजापुढे, त्याच्या भाषेत दिली आणि म्हणून त्या समाजाला उत्तर देणे भाग पडले. जाफन्यात असे उत्तर देण्याची शक्यताच बंदुकीने मिटविली होती, हा परिस्थितीचा फरक ध्यानात घेऊनही हे अंतर जाणवत राहते.

रुग्णालयातील दोन दिवस

दृष्टिकोनांतील हा फरक एका घटनेवर स्पष्ट होतो. २१ ऑक्टोबर १९८७ हा दिवाळीचा दिवस होता. त्या दिवशी दुपारनंतर शांतिसेना जाफन्याच्या शासकीय रुग्णालयात शिरली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तेथे साठ-सत्तर माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत रुग्ण होते तसेच डॉक्टर, परिचारिका व इतर कर्मचारीही होते. भारतीय बाजूचे म्हणणे असे, की लिट्टेने रुग्णालयाचा आश्रय घेऊन गोळीबार केला आणि माणसे दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडली. दीपिंदर सिंग यांनीही याच म्हणण्याचा पुनरुच्चार केला आहे.

आतून सांगितली गेलेली हकीकत हे म्हणणे सरळ खोडून काढीत नाही. ती ते अधिक गुंतागुंतीचे करते, आणि तिची विश्वासार्हता यातच आहे. लिट्टेचे सशस्त्र तरुण आवारात आले होते, डॉक्टरांनी त्यांना निघून जाण्याची विनंती केली होती, त्यांतील काही गेले, काही पुन्हा आले, आपला दारूगोळा मागे टाकून अखेर निघून गेले, हे सारे नोंदलेले आहे. त्यानंतर सैनिक आत आले आणि त्यांनी समोर दिसेल त्यावर गोळ्या झाडल्या. लोक प्रेतांखाली मेल्याचे सोंग घेऊन रात्रभर पडून राहिले. सकाळी एक बालरोगतज्ज्ञ डॉक्टर काही परिचारिकांसह हात वर करून, आम्ही डॉक्टर व परिचारिका आहोत, शरण येत आहोत, असे ओरडत पुढे चालू लागले आणि त्यांना गोळी घातली गेली. दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडणे, हे शब्द या सकाळच्या प्रसंगाला लागू पडत नाहीत, कारण त्या वेळी दुसरी बाजू तेथे उरलेलीच नव्हती. अधिकृत निवेदनाने पहिल्या दिवसाचे वर्णन दुसऱ्या दिवसावर पसरविले. साक्षीने ते दोन दिवस वेगळे केले. वेळेची अशी काटेकोर नोंद हेच येथे नैतिक कृत्य ठरते. करुणरसाचा आश्रय न घेता, विशेषणे जवळजवळ न वापरता हे साधले आहे, हे विशेष.

लिट्टेच्या प्रचारवाङ्मयानेही या घटनेचा भरपूर उपयोग केला. त्यात वगळले जाते ते नेमके सकाळपूर्वीचे : रुग्णालयात हत्यारे कोणी आणली. म्हणजे एका बाजूच्या निवेदनातून पहिला दिवस गळतो, तर दुसऱ्या बाजूच्या निवेदनातून दुसरा. भारतीय वाचकाची अडचण अशी, की त्याला आजवर यांपैकी एकच निवेदन सहजी उपलब्ध झाले आहे आणि आपल्या सैन्याविषयीच्या आदरामुळे दुसऱ्याकडे पाहणे त्याला द्रोहासारखे वाटते. शेतकऱ्यांची मुले असलेले जवान परक्या मुलखात, न समजणाऱ्या भाषेच्या लोकांत, कोण शत्रू व कोण नागरिक हे ओळखता न येता लढत होते, ही वस्तुस्थिती आहे. तिचे स्मरण ठेवणे आणि हात वर केलेल्या डॉक्टरचा मृत्यू मान्य करणे, या दोन गोष्टींत तार्किक विरोध नाही. ‘द ब्रोकन पाल्मायरा’ स्वतः सर्व सैनिकांना एकाच मापाने मोजत नाही. सहृदय अधिकाऱ्यांचेही उल्लेख त्यात येतात.

रजनी थिराणगामा यांचे प्रकरण

ग्रंथातील वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत श्रेष्ठ भाग म्हणजे ऑक्टोबर १९८७ च्या युद्धातील स्त्रियांच्या अनुभवावर रजनी थिराणगामा यांनी लिहिलेले प्रकरण. त्यांचा स्वतःचा प्रवास लक्षात घेतल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही. त्या एकेकाळी लिट्टेच्या सहानुभूतीदार होत्या आणि त्यांनी त्या संघटनेसाठी काम केले होते. नंतर मोहभंग होऊन त्या दूर झाल्या. इंग्लंडमधील उच्च शिक्षणानंतर, तेथे राहणे शक्य असताना, १९८६ मध्ये त्या जाफन्यास परतल्या.

या प्रकरणात त्या सैनिकांनी केलेल्या बलात्कारांच्या नोंदी देतात, आणि तेवढ्यावर थांबत नाहीत. अत्याचारानंतर त्या स्त्रीला तिच्याच समाजाने कसे वागविले, तिचे लग्न, तिचे घर, तिचा गावातील वावर यांवर काय परिणाम झाला, याकडे त्या वळतात. स्त्रीच्या शरीराला समाजाच्या अब्रूचे ठिकाण मानणारी दृष्टी आक्रमकाची आणि रक्षणकर्त्याची एकच असते, हे त्यांच्या विवेचनातून उलगडत जाते. सशस्त्र चळवळीतील मुलींविषयीही त्या असेच निर्भीडपणे लिहितात. हातात बंदूक आली म्हणजे मुक्ती आली असे त्या मानत नाहीत, कारण निर्णय पुरुष नेतृत्वाचेच राहतात. त्याचबरोबर मुलाला सोडविण्यासाठी छावणीच्या दारात उभी राहून अधिकाऱ्याशी हुज्जत घालणारी आई, रांगेत उभी राहून घर चालविणारी विधवा, या स्त्रियांमध्ये त्यांना बळ दिसते. ते बळ त्या फुगवून सांगत नाहीत. स्त्रियांना बळी किंवा वीरांगना या दोन साच्यांत बसविणाऱ्या युद्धवाङ्मयात हा तिसरा मार्ग दुर्मिळच म्हणावा लागेल.

लेखिकेची शैली येथे सहलेखकांपेक्षा वेगळी आहे. त्या शास्त्राच्या प्राध्यापिका असल्या तरी अलिप्त निरीक्षकाचा आव आणीत नाहीत. तोफगोळे पडताना त्या स्वतः मुलींसह त्याच गावात होत्या. भय लपवून न ठेवता ते विवेचनाचाच भाग करणे, ही त्यांची पद्धत. २१ सप्टेंबर १९८९ रोजी विद्यापीठातून सायकलवरून घरी जात असताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. ही हत्या लिट्टेने केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ग्रंथ छापून आला तो त्यानंतर, १९९० मध्ये. त्याच वर्षी मार्च महिन्यात शांतिसेनेची अखेरची तुकडी त्रिंकोमालीहून भारताकडे निघाली. हूल व श्रीधरन यांना जाफना सोडावे लागले, पण मानवी हक्कांसाठी स्थापन केलेल्या विद्यापीठ शिक्षकांच्या मंचाचे अहवाल त्यांनी पुढेही अनेक वर्षे लिहिले.

कादंबरीचा उशीर

या साऱ्या सामग्रीवर ललित लेखनाने हात घालायला बराच काळ जावा लागला. अमेरिकेत वाढलेल्या तमिळ वंशाच्या लेखिका व्ही. व्ही. गणेशानंदन यांची ‘ब्रदरलेस नाइट’ ही कादंबरी २०२३ साली प्रसिद्ध झाली व २०२४ मध्ये तिला ब्रिटनमधील स्त्री लेखकांसाठीचा ‘विमेन्स प्राइज’ हा कादंबरीचा पुरस्कार मिळाला. जाफन्यात डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहणारी शशी ही तिची निवेदिका. १९८१ मधील जाफना ग्रंथालयाची जाळपोळ, १९८३ चा हत्याकांडाचा जुलै, भावांचे वाघांच्या संघटनेत जाणे आणि शांतिसेनेचे आगमन असा तिचा कालपट आहे. शशीची गुरू असलेली अंजली हे पात्र रजनी थिराणगामा यांच्यावरून घेतलेले आहे आणि त्या दोघी मिळून करीत असलेले नोंदींचे काम म्हणजे ‘द ब्रोकन पाल्मायरा’च्याच घडणीची कथा होय.

कादंबरीचे सर्वांत मोठे यश ‘के’ या पात्रात आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये नल्लूरच्या मंदिरासमोर पाणीसुद्धा न घेता बारा दिवस उपोषण करून प्राण सोडणारा लिट्टेचा कार्यकर्ता तिलीपन हा त्याचा मूळ नमुना. भारताविरुद्ध गांधींचे साधन वापरण्याची ही कृती तिच्या काळातही सर्वांना पेचात टाकणारी होती : उपोषण अहिंसक, पण उपोषण करणाऱ्याची संघटना हिंसक. कादंबरीत के हा शशीचा शेजारी आणि बालमित्र आहे, आणि त्याच्या उपोषणात वैद्यकीय देखरेखीसाठी तीच त्याच्याजवळ बसते. मरणाऱ्या माणसावर प्रेम करणे आणि त्याच्या मरणाचा जो उपयोग केला जात आहे तो ओळखणे, ही दोन्ही कामे तिला एकाच वेळी करावी लागतात. ग्रंथातील चर्चेत जे चार परिच्छेदांत मावते, त्याचा ताण कादंबरीत दिवसागणिक वाढत जातो. ललित कृतीला साक्षीपेक्षा अधिक काय करता येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

शशी वाचकाला वारंवार थेट संबोधते. तू तेथे असतास तर काय केले असतेस, असा तिचा रोख असतो. या युक्तीचा परिणाम सुरुवातीला तीव्र होतो, पुढे तिची सवय होते. शिवाय शशीचा विवेक जवळजवळ नेहमीच मानवी हक्कांच्या अहवालाच्या विवेकाशी जुळणारा आहे. ती चुका करते, पण तिच्या चुका वाचकाला परक्या वाटत नाहीत. थिराणगामा यांच्या निबंधात जी अंतर्गत झटापट आहे, एकेकाळी आपणच या बंदुकांना मदत केली होती ही जाणीव, तिची धार अंजलीच्या पात्रात काहीशी बोथट झालेली दिसते. ती आदर्श झाली आहे. वास्तवातील स्त्री अधिक अवघड होती.

याहून महत्त्वाची गोष्ट भारतीय सैनिकाच्या चित्रणाची. प्रथमपुरुषी निवेदनामुळे तो कादंबरीत दारातून, चौकीवर, रस्त्यावर, नेहमी बाहेरूनच दिसतो. गणवेश, बंदूक आणि न समजणारी भाषा. सेनानींच्या आत्मवृत्तांत जाफन्याचा नागरिक जसा आकृतीपुरता येतो, तसाच येथे जवान. यात लेखिकेचा दोष मानता येणार नाही. शशीच्या ठिकाणी उभे राहून त्याहून अधिक दिसणे शक्यही नव्हते. पण दोन्ही बाजूंची रिकामी जागा सारखीच आहे, आणि जवानाची जागा भरून काढण्याचे काम तमिळ लेखिकेचे नव्हे.

ते काम भारतीय भाषांचे होते. शांतिसेनेत पंजाबी, मराठी, नेपाळी, मल्याळम अशा अनेक भाषा बोलणारे जवान होते. त्यांत तमिळ बोलणारेही होते, ज्यांना आपल्याच भाषेत विनवणी करणाऱ्या माणसांच्या घरांची झडती घ्यावी लागली. जनरलांनी लिहिले, राजदूतांनी लिहिले. तुलनेने साध्या जवानाची साक्ष मात्र वाङ्मयात आलेली दिसत नाही. मार्च १९९० मध्ये अखेरच्या तुकड्या मद्रास बंदरात उतरल्या तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत, ही घटना राजकीय इतिहासात नोंदली गेली. त्या बोटींवरून उतरणाऱ्यांना गावी गेल्यावर घरच्यांनी काय विचारले असेल आणि त्यांनी काय सांगितले असेल, याची नोंद कोणत्याही भाषेतल्या कादंबरीने अद्याप पुरेशा गांभीर्याने केलेली आढळत नाही.